तळाची चार बोटं

आमच्या घरात एक नियम होता. हंड्यातलं पाणी वापरायचं, पण तळाची चार बोटं टाकून द्यायची. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकाठी आमची कोळ्यांची आळी. बोअरिंगचं पाणी भरताना स्वच्छ दिसायचं आणि तासाभराने तळाशी तपकिरी गाळ बसायचा. आई हंडा न हलवता वरचं पाणी काढून घ्यायची, उरलेलं मोरीत ओतायची. विचारलं तर म्हणायची, "तपकिरी दिसलं का फेकायचं. केमिकल हाय का माती, कोन बघत बसतंय?" हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. पुढे शेवाळावर पीएच.डी. केली, तरी हात तोच राहिला. जित्याची खोड, दुसरं काय!

बाबा खाडीत होडी घालायचे. मी आठवीत असताना खाडीचं पाणी तपासायला बाहेरून काही माणसं आली होती. महिन्याभराने कळलं की अहवालात पाणी ठीक आहे असं लिहिलंय. त्या दिवशी बाबा ताटावरून अर्धवट उठले. एवढंच म्हणाले, "भरतीचं पानी नेलं त्यांनी. ओहोटीला यायला पायजे होतं." भरतीला समुद्र आत येतो आणि खाडी दोन-तीन तास शहाण्यासारखी दिसते. तिचं खरं रूप ओहोटीला कळतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला त्या माणसांचा भयंकर राग आला आणि तो मी वर्षानुवर्षं जपला. पाण्यातल्या जिवांचाच अभ्यास करायचा, हे त्या रागातच ठरलं. पुढे जाळं रिकामं यायला लागलं, बाबांनी होडी विकली आणि ते वर्तकनगरच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून उभे राहिले.

चाळिशी ओलांडल्यावर मला उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर कामाला जायला मिळालं. त्यासाठी मी किती वर्षं अर्ज केले ते सांगायची आता लाज वाटते. तिथे समुद्र गोठतो आणि त्या बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं. वसंतात सूर्य परतला की बर्फातून झिरपणाऱ्या उजेडावर ते वाढतं. पाण्यातले बारीक जीव ते खातात, त्यांना मासे, माशांना सील. तिथल्या सगळ्यांच्या जेवणाची सुरुवात तिथून. आमचं काम सोपं दिसायचं. बर्फात पोकळ गिरमिट घालायचं आणि बर्फाचा आरपार दांडा बाहेर काढायचा. दांडा कमरेएवढा उंच आणि पांढराशुभ्र, शेवाळ असतं ते फक्त तळाच्या चार बोटांत. हे मी वाचलं होतं. विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं.

आम्ही तिघं होतो. आमच्या प्रमुख बाई, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. एक तरुण संशोधक, जो बंदूक घेऊन पांढऱ्या अस्वलावर नजर ठेवायचा. आणि मी. पहिल्याच दिवशी बर्फ जिथे संपून मोकळं पाणी सुरू होतं, त्या काठाला भोक पाडायचं होतं. बर्फ करकरत होता, घाई होती. बाईंनी दांडा माझ्या हातात दिला, "गुंडाळ" म्हणाल्या आणि जाडी मोजायला वाकल्या. मी पाहिलं, तळाशी ओला, तपकिरी थर. गिरमिटाचं तेल लागलं असावं असं मला वाटलं, असं मी नंतर इतरांना सांगत आले. खरं तर मला काहीच वाटलं नाही. मी करवत घेतली, चार बोटं कापली आणि भोकात टाकून दिली. उरलेला पांढरा दांडा काळ्या प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळला. स्वच्छ काम केल्याचं समाधानही वाटलं.

दांडे अंधारात सावकाश वितळवायचे आणि ते पाणी कागदातून गाळायचं, अशी पद्धत. दुसऱ्या दिवशी ते केलं. आतल्या बाजूचे दांडे त्या दोघांनी काढले होते, त्यांचे कागद चहा सांडल्यासारखे झाले. माझा कोरा. बाई हरखल्या. "काठाला यंदा शेवाळ धरलंच नाही, हे फार महत्त्वाचं आहे," म्हणाल्या आणि त्यांनी वहीत शून्य लिहिलं. तो चहाचा रंग आणि तो कोरा कागद शेजारी शेजारी बघून मला भोकात टाकलेली चार बोटं आठवली.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. काठाचा तो बर्फ सकाळीच फुटून वाहून गेला होता, मला खोटं पाडायला भोकसुद्धा शिल्लक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं, तर या बाई मला पुन्हा बर्फावर नेणार नाहीत हे दिसत होतं आणि मोसम तीन आठवड्यांचा. मी जेवायला बसले. घास तोंडात फिरत राहिला. बाबांचं अर्धवट ताट आठवलं. उद्या कुणी ती वही वाचून म्हणेल, काठाला काही नव्हतं, आणि ते शून्य माझ्या हातचं असेल.

मी जाऊन सांगितलं, "ते शून्य नाही. मी फेकलं." बाईंनी कारण विचारलं. मी हंड्याचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी शून्यावर रेघ मारली, पुढे "नमुना हाताळताना वाया गेला" असं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. उरलेला मोसम मी प्रयोगशाळेत बाटल्या विसळल्या. त्यांचं बरोबरच होतं, हे कळत असूनही मी एक दिवस मोठ्याने रडले.

घरी आल्यावर आई-बाबांना सगळं सांगितलं. खरं सांगते, मला शाबासकी हवी होती. आई हसत सुटली. "मेले, तिथं पन फेकलंस?" बाबा हसले नाहीत. ते दारात खुर्ची टाकून खाडीकडे बघत बसले होते.

"कोनी इचारलं नव्हतं तुला?"

"नाही."

"आनि तू आपनहून सांगितलंस."

"हो."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती मानसं पानी न्यायला आलती ना, ती माज्याच होडीत बसलेली. भर भरती होती. बाटली मीच बुडवून दिली त्यांना. म्हाईत होतं मला. बोललो नाय."