नाचिमुत्तूने भिंत सरकवली

नाचिमुत्तू म्हणजे कोइंबतूरच्या पंपवाल्यांतला एक नंबरचा हट्टी. संगणकावर पंप उभा करायचा तर आतल्या स्क्रूचे आटेसुद्धा कोरायचा. कोण बघणार होतं ते? देव जाणे!

नव्या इस्पितळाच्या तळघरात त्याचा पंप बसायचा होता. पण आर्किटेक्ट कुयिली मॅडम अख्खी इमारत आधी संगणकात रचून घेत होत्या. आज पंपाचं मॉडेल तिथे नीट बसलं नाही, तर पंप दुसऱ्या कंपनीचा. नाचिमुत्तूने सकाळी आपलं मॉडेल पाठवलं, आणि त्याच्या भाराने संगणकातली इमारत जागच्या जागी गोठली.

"अण्णा, त्यांना पंप ठेवायचाय, बनवायचा नाही," शेजारच्या टेबलावरची देवानै म्हणाली. "बाहेरचा आकार आणि पाइपांची तोंडं ठेवा. बाकीचं काढा."

"म्हणजे लेकराची आतडी काढू?"

"काढा की! इस्पितळातच तर चाललाय."

कुरकुरत त्याने एकेक स्क्रू पुसला. इमारतीत टाकून पाहिलं, तर पंप आडवा! पंपवाल्यांच्या संगणकात 'वर' म्हणजे एक दिशा, इमारतवाल्यांच्या संगणकात दुसरीच. "अय्यो, झोपला की हो!" देवानै हसून हसून लाल झाली. त्याने पंप उभा केला आणि शेजारी एक रिकामी, आरपार दिसणारी पेटी काढली.

"हे काय आता?"

"फिटर. पंप दुरुस्तीला उघडून बसणारा. ही त्याची जागा."

डिझाइनला येण्याआधी नाचिमुत्तू स्वतः फिटर होता. पंप आणि भिंतीच्या फटीत शिरून कोपरं किती वेळा सोलली, त्याचं त्यालाच ठाऊक.

दुपारी कुयिली मॅडमचा फोन आला. "सर, तुमची पेटी आमच्या भिंतीत घुसतेय. काढून टाका."

देवानैने खुणेनेच हात जोडले, काढा म्हणून. पंप हातचा जाणार!

"मॅडम, सांगितलंत ते सगळं काढलं. माणूस नाही काढणार. पंप बंद पडला की वरती पाणी नाही, आणि खाली फिटर भिंतीत अडकलेला. चालेल?"

मॅडम खुदकन हसल्या. "थांबा जरा."

नाचिमुत्तूच्या पडद्यावरची भिंत हळूच मागे सरकली.

"तुमच्या माणसाला म्हणावं, बस ऐसपैस. पंप तुमचाच."

देवानैने टाळ्या पिटल्या आणि अण्णांच्या नावावर सगळ्या ऑफिसला नारळाचे बन मागवले. अण्णांचं लक्षच नव्हतं. ते खुर्चीतच दोन्ही कोपरं फाकवून बघत होते. कुठेच काही लागत नव्हतं.