कर्नल लॅथम यांची हनुवटी

एल्सवर्थ पेटिफोर्ड यांच्याबद्दल लिहिताना आता मी ‘ते’ म्हणतोय. १९५६ साली मी त्यांना सरळ ‘काय रे एल्सवर्थ’ म्हणायचो. मी पस्तिशीचा आणि ते त्रेसष्ट वर्षांचे, तरी तेच मला ‘मिस्टर क्रूगर’ म्हणत. मी गोरा, ते काळे. लॅथम्स बेंडमध्ये तसा रिवाज होता आणि रिवाजाबद्दल आमच्या शहराला भारी अभिमान.

शहर म्हणायचं, कारण सनदेत तसं लिहिलंय. वस्ती नऊ हजार, त्यातले निम्मे एकमेकांचे मेहुणे. कोर्टासमोर पेटिफोर्ड यांचं केशकर्तनालय होतं. दुकान त्यांचं, खुर्च्या त्यांच्या, वस्तरा त्यांचा. पण त्या खुर्चीत काळ्या माणसाने बसायचं नाही. बसला असता तर गोरी गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवसापासून फिरकली नसती. स्वतःच्या जावयाचे केस ते रविवारी घरच्या स्वयंपाकघरात कापत. आम्ही मात्र दर शनिवारी त्यांच्यापुढे मान वर करून, डोळे मिटून पडायचो आणि आमच्या शहरात कसा सगळा सलोखा आहे यावर बोलायचो.

त्या वर्षी शहराला शंभर वर्षं झाली. शताब्दी समितीचे अध्यक्ष होते लायमन स्टाउफर, फर्निचरचे व्यापारी. माणूस सोफा विकता विकता इतिहास विकायला लागला आणि दोन्हींत भुसाच भरलाय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शहर वसवणारे कर्नल एझ्रा लॅथम यांची तसबीर नगरपालिकेत आहे. कर्नल कुठल्याही सैन्यात नव्हते, पण तसबिरीत छातीपर्यंत दाढी आहे. म्हणून स्टाउफरनी फतवा काढला की, जानेवारीपासून ऑगस्टच्या सोहळ्यापर्यंत शहरातल्या प्रत्येक सज्ञान पुरुषाने दाढी राखायची. ज्याला करायची असेल त्याने एक डॉलर भरून परवान्याचा बिल्ला लावायचा. बिनदाढीचा, बिनबिल्ल्याचा कुणी सापडला तर ‘दाढीबंधू’ त्याला पकडतील, कोर्टासमोरच्या लाकडी पिंजऱ्यात घालतील आणि शनिवारी दुपारी त्याच्यावर खटला चालेल. सगळं गमतीत, हे वेगळं सांगायला नको. वारसा गमतीत जपला की वर्गणी बरी जमते.

फेब्रुवारीत वस्तऱ्याची अंत्ययात्रा काढली. खरी शवपेटी, खरा बँड, आणि लुथरन चर्चचा खरा पाद्री. पेटीत ठेवायला वस्तरा हवा होता, तो मागायला आम्ही साहजिकच पेटिफोर्ड यांच्याकडे गेलो. दाढीबंदीने ज्या माणसाचा अर्धा धंदा बसला होता त्याच्याकडेच. त्यांनी गंजलेला एक काढून दिला.

“फार खोल पुरू नका, मिस्टर स्टाउफर,” ते म्हणाले. “ऑगस्टात खाजायला लागलं की उकरावा लागेल.”

आम्ही हसलो. त्यांच्या बोलण्यावर हसायची आम्हाला सवयच होती, आणि तीच पुढे नडली.

शताब्दीनिमित्त शहराच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं. शहरातला एकमेव छापखाना माझा, म्हणून मी समितीचा चिटणीस. पुस्तकात ‘आद्य रहिवासी’ म्हणून पहिल्या होडीतून उतरलेल्या माणसांची नावं यायची होती. स्टाउफरनी बारा जमवली होती. बारा हा आकडा बायबलमध्येही शोभला आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या बारांत एक स्टाउफर होताच.

मार्चच्या बैठकीला पेटिफोर्ड आले. कोट घालून, हातात टोपी, आणि कागदात गुंडाळलेली एक वस्तू. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. ते उभ्याउभ्याच बोलले.

“माझे आजोबा जोसाया पेटिफोर्ड त्याच होडीत होते. ते कर्नलसाहेबांचे न्हावी. आजोबा वारले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, शंभरदा त्यांच्या तोंडून ऐकलंय. काठाला लागायच्या आधी कर्नलनी होडी थांबवली आणि म्हणाले, ‘जोसाया, खुंट वाढलेल्या तोंडाने शहर वसवता येत नाही.’ आजोबांनी नदीच्या पाण्याने त्यांची दाढी केली आणि मग सगळे उतरले. तेवढं नाव यादीत घाला. दुसरं काही मागत नाही.”

“कर्नलची दाढी केली?” स्टाउफरनी स्वतःच्या तीन महिन्यांच्या झाडोऱ्यावरून हात फिरवला. “अरे एल्सवर्थ, तसबीर बघितली नाहीस का?”

“ती त्यांच्या मागून चाळीस वर्षांनी काढली, साहेब. फिरता चित्रकार होता. त्याला हनुवटी जमत नसे. जो दिसेल त्याला दाढी लावायचा. त्याने मेयरच्या बायकोचं चित्र काढायचं नाकारलं ते त्यामुळेच.”

“पुरावा?”

त्यांनी कागद सोडला. आत पांढरा चिनीमातीचा मग होता, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘ए. लॅथम’. जुन्या काळी प्रत्येक मानाच्या गिऱ्हाइकाचा दाढीच्या साबणाचा मग न्हाव्याच्या फळीवर असायचा, तसा. आतल्या कडेला साबणाचा पिवळा थर अजून होता. मी बोट लावून पाहिलं. मला पटलं. मी काही बोललो नाही. हे मी आज कबूल करतो, आणि तेव्हा का बोललो नाही याला सबबही देत नाही, भ्यालो, एवढंच.

स्टाउफरनी मग उलटासुलटा केला. “वा, हा तर कर्नलसाहेबांचा कॉफीचा कप.”

“साबणाचा आहे, मिस्टर स्टाउफर.”

“साबण नंतर कुणी लावला असेल. एवढ्या मोठ्या दाढीचा माणूस साबणाचा मग कशाला ठेवील?”

या तर्काला तोड नव्हती. तो मग समितीने ठेवून घेतला. दोन आठवड्यांनी तो वाचनालयात काचेच्या पेटीत विराजमान झाला, खाली चिठ्ठी: ‘कर्नल लॅथम यांचा कॉफीचा कप’. चिठ्ठी मीच छापली होती. नाव मात्र यादीत आलं नाही, कारण पुरावा नव्हता.

एप्रिल उजाडला. शहर म्हणजे आरशासमोर बसलेल्या बोकडांचा कळप झालं. धरपकड जोरात सुरू झाली. दूधवाला पिंजऱ्यात गेला, बॅप्टिस्ट पाद्री गेला. एक औषधविक्रेता तर त्वचारोगाचं सर्टिफिकेट दाखवूनही गेला. आणि या सगळ्यांत पेटिफोर्ड रोज सकाळी तुळतुळीत दाढी करून, बिल्ला न लावता, पिंजऱ्यासमोरून दुकानात जायचे. कुणी अडवलं नाही. आठवडाभर माझ्याही लक्षात आलं नाही. मग पाहिलं तर ते मुद्दाम तिथून चार-चार फेऱ्या मारत होते. दाढीबंधू बाकावर बसून शेंगा सोलत, आणि “काय एल्सवर्थ, ठीक ना?” म्हणत.

शनिवारी माझ्या मानेवरचे केस काढताना त्यांनी विषय काढला.

“मिस्टर क्रूगर, तुम्ही दाढीबंधू आहात ना? मग मला पकडा.”

“तुला कशाला? फतवा काही…”

“फतव्यात ‘प्रत्येक सज्ञान पुरुष’ असं लिहिलंय. तुम्हीच छापलंत. मी सज्ञान नाही, की पुरुष नाही, ते सांगा.”

वस्तरा मानेवर होता म्हणून नव्हे, पण मला घाम फुटला. त्यांचा हिशेब साधा होता. खटल्यात आरोपीला पहिला प्रश्न विचारत, ‘नाव काय आणि तुमचं घराणं या शहरात कधीपासून?’ आरोपीचं उत्तर चारचौघांत ऐकलं जाई आणि कामकाजाचा वृत्तान्त माझ्या साप्ताहिकात येई. बैठकीत उभं राहून जे झालं नाही ते पिंजऱ्यात उभं राहून होईल, असं त्यांना वाटलं. शहराचा माणूस म्हणून मोजलं जायला त्यांना गुन्हेगार व्हायचं होतं.

मी त्यांना पकडलं. दंडाला धरून रस्ता ओलांडला. बाकावरचे दाढीबंधू शेंगा तोंडात धरून बघत राहिले. त्यांच्यातला एक मला हळूच म्हणाला, “एमेट, हे जरा जास्त होतंय.” दूधवाल्याच्या वेळी ते जास्त झालं नव्हतं.

खटल्याला पाचशे माणसं. न्यायाधीश स्टाउफर, डोक्यावर बायकोच्या विणायच्या लोकरीचा केसांचा टोप.

“आरोपी, नाव आणि घराणं?”

“एल्सवर्थ पेटिफोर्ड. आम्ही इथे पहिल्या दिवसापासून. माझे आजोबा जोसाया कर्नलसाहेबांबरोबर होडीतून उतरले.”

लोक खुसखुसले.

“हनुवटी उघडी का?”

“शहराचा वारसा आहे, न्यायाधीशसाहेब. कर्नलसाहेबांची अशीच होती. आजोबांनी स्वतःच्या हाताने केली होती. तुम्ही सगळ्यांनी शंभर वर्षांचा मान म्हणून जे राखलंय ना, ते कर्नलना दिसलं असतं तर त्यांनी तुम्हाला होडीत घेतलं नसतं.”

हशा असा उसळला की कोर्टाच्या छपरावरची कबुतरं उडाली. पेटिफोर्ड थांबले, मग आवाज चढवून पुन्हा म्हणाले, “हे खरं आहे.” त्यावर तर लोक पोट धरून हसले. खोट्या कोर्टात शपथेवर खरं बोलणं याच्याइतका विनोद त्या अख्ख्या वर्षात झाला नव्हता. स्टाउफरनी डोळे पुसत निकाल दिला: आरोपी निर्दोष, आणि आठवड्यातली सर्वोत्तम थाप मारल्याबद्दल स्त्री-मंडळाकडून एक ‘चेरी पाय’, म्हणजे चेरी भरून भाजलेली गोड पोळी, बक्षीस.

पेटिफोर्ड तो चेरी पाय घेऊन घरी गेले. त्यांची मुलगी लुएला शाळेत शिकवायची. तिने तो कचऱ्यात टाकायला उचलला, असं तिनेच मला पुढे सांगितलं.

“ठेव खाली,” ते तिला म्हणाले. “सत्याचं बक्षीस मिळतं कुठे? खा.”

माझ्या साप्ताहिकात तो वृत्तान्त ‘हास्यतुषार’ या सदरात आला. स्टाउफरचीच सूचना होती ती.

त्याच आठवड्यात मी पुस्तकाचं ते पान जुळवायला घेतलं. नावांची यादी शिशाच्या नक्षीदार खिळ्यांत, एकेक अक्षर हाताने जुळवायची होती. बारावं नाव झालं. माझा हात खिळ्यांच्या पेटीकडे गेला आणि मी एकेक खिळा उचलून तेरावी ओळ लावली: ‘जोसाया पेटिफोर्ड’. न्हावी असं लिहायचं धाडस झालं नाही. ते लिहिलं असतं तर कुणी तरी विचारलं असतं, कुणाचा न्हावी? मुद्रितं तपासायला स्टाउफरकडे गेली. त्यांनी स्वतःचं आडनाव नीट आहे ना ते पाहिलं आणि सही केली. प्रकाशनाच्या भाषणात ते ‘बारा’च म्हणाले. कुणी मोजली नाहीत. आमच्या शहरात पुस्तक कपाटात ठेवण्यासाठी असतं, म्हणूनच हे सगळं इथे लिहायला मला भीती वाटत नाही.

ऑगस्टमध्ये दाढ्या उतरल्या. माझी पाळी आली तेव्हा पेटिफोर्ड यांनी दोनदा साबण लावला, गरम टॉवेल दोनदा दिला. पुस्तक आरशाखाली उघडं होतं, त्याच पानावर.

वीस वर्षं गेली. १९७६ साली देशाला दोनशे वर्षं झाली आणि वाचनालयाच्या भिंतीवर चित्र काढायचं ठरलं. चित्रकार राजधानीहून आला. त्याने पुस्तक उघडलं, तेरा नावं मोजली (तो बाहेरचा होता) आणि नदीकाठी तेरा पुरुष रंगवले. प्रत्येकाखाली नाव. कर्नलच्या मागे डावीकडे एक काळा माणूस, खांद्यावर कुऱ्हाड, छातीपर्यंत दाट दाढी: जोसाया पेटिफोर्ड.

उद्घाटनाला एल्सवर्थ काठी टेकत आले, त्र्याऐंशी वर्षांचे, नेहमीसारखे तुळतुळीत. मान वर करून त्यांनी आजोबांचं नाव वाचलं. लुएला चिडली होती.

“बाबा, ही दाढी कुठून आली? खांद्यावर कुऱ्हाड काय? उद्याच समितीकडे तक्रार करते.”

“मीही येतो,” मी म्हणालो. “खरं काय ते सांगतो.”

“काय सांगशील, एमेट?” ते हळू आवाजात म्हणाले. “ते पुरावा मागतील. पुरावा काय, तर तुझं पुस्तक. एकदा उकरायला लागले की दाढीशी थांबणार नाहीत, नावापर्यंत जातील. गप्प बस.”

तेवढ्यात स्टाउफर आले. आता तेही थकले होते, पण अध्यक्षपद सुटलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर करून भिंत पाहिली, मग एल्सवर्थना पाहिलं.

“हा तुझा आजोबा? अरे, पण काहीच साम्य दिसत नाही. आणि आम्ही तर बाराच नावं दिली होती ना? हे कुठून आलं, एमेट?”

एल्सवर्थ हसले.

“दाढीमुळे दिसत नाही, मिस्टर स्टाउफर. मी राखली की दिसेल.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वस्तरा हातात घेतला नाही. पासष्ट वर्षं ज्या माणसाने एक सकाळ चुकवली नव्हती, तो माणूस दाढी राखून बसला. शनिवारी मी घरी जायचो तेव्हा ते गळ्याखाली खाजवत असायचे. “कसं सहन करतात रे लोक हे,” म्हणायचे, आणि आम्ही दोघं हसायचो, पण मला रडू यायचं. नाताळपर्यंत ती छातीवर आली, पांढरीशुभ्र. रविवारी लुएला त्यांना मुद्दाम वाचनालयाच्या रस्त्याने चर्चला न्यायची, त्यांनीच सांगितलं होतं तसं. भिंतीखाली ते थोडा वेळ उभे राहत, येणाऱ्याजाणाऱ्याला नीट दिसेल असे.

मार्चमध्ये ते गेले. अंत्यविधी करणाऱ्याने विचारलं, दाढी करायची का? लुएलाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही नाही म्हणालो. स्टाउफर दर्शनाला आले, शवपेटीपाशी वाकले आणि म्हणाले, “हुबेहूब आजोबा.”