पेला कुठे ओतायचा

विदोसावा काम मागायला कुठेही गेली की आधी तेच सांगायची. नमस्कार व्हायचा, समोरचा खुर्ची दाखवायचा आणि खुर्चीत टेकायच्या आतच ही म्हणायची, "मी दारू पिऊन गाडी चालवली होती. एका माणसाचा पाय मोडला. कोर्टात शिक्षा झाली. आता पीत नाही. बोला, काम काय आहे?"

मी तिला कितीदा म्हटलं, "अगं बाई, निदान त्याला कॉफीचा एक घोट तरी घेऊ दे!"

"वहिनी, कॉफी संपायच्या आत त्याची शेजारीण त्याला सांगणारच आहे. त्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. शेजारणीच्या तोंडी दोन्ही पाय मोडतील."

तिचा गुन्हा घडला तो संत निकोलाच्या दिवशी. आमच्या गावातल्या अर्ध्या घरांचा कुलसंत तोच. विदोसावा तेव्हा बेकरीची व्हॅन चालवायची आणि त्या दिवशी तिने घरोघर सणाचे मोठे गोल पाव पोचवले होते. आता आमच्याकडे सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला राकियाचा, म्हणजे घरी गाळलेल्या प्लमच्या दारूचा, पेला न देता परत पाठवलं, तर त्या घराची लाज जाते. आणि दिलेला पेला न घेता माणूस निघून गेला, तर त्याहून वाईट. ती काही पिणारी बाई नव्हती, पण पाव पुष्कळ होते आणि प्रत्येक पावामागे एक पेला होता. गिरणीजवळच्या वळणावर व्हॅन रस्ता सोडून कडेला गेली आणि कडेने चाललेल्या म्हाताऱ्या तिहोमिरच्या अंगावर आली. त्याचा पाय गुडघ्यात मोडला तो कायमचा. आजही काठीशिवाय तो चालत नाही.

तिला पाजली सगळ्या गावाने आणि कोर्टात उभी राहिली ती एकटी. मला त्याचा अजून राग येतो. वकील तिला म्हणाला होता, लोकांनी फार आग्रह केला असं सांग. हिने न्यायाधीशाला सांगितलं, "पेला त्यांचा होता, पण घसा माझा होता." तुरुंग टळला. लायसन्स मात्र जप्त झालं आणि नावावर डाग बसला.

मग सुरू झाली कामाची वणवण. बेकरीने दुसरा माणूस ठेवला. फर्निचरच्या कारखान्यात पोलिसांकडून स्वच्छ वर्तनाचा दाखला आण म्हणाले, तो कुठून आणणार? बसच्या आगारातला साहेब तर पोट धरून हसला. "बाई, तुझ्या हाती बस द्यायची तर आधी प्रवाशांना पाजावी लागेल!" ही त्याच्याहून मोठ्याने हसली आणि म्हणाली, "तुमचे ड्रायव्हर ज्या वेगाने नेतात, ते बघता प्रवासी आताच पिऊन बसत असतील." एका हॉटेलात भांडी घासायला ठेवली, पण मालकाने बजावलं की गिऱ्हाइकांसमोर येऊ नकोस. त्याच दिवशी तिने अ‍ॅप्रन काढून त्याच्या हातात दिला. "लपून घासायची तर माझ्या घरीही भांडी आहेत."

लोकांनी कीव केली की ती चिडायची. "मला गाडी चालवता येते," म्हणायची. "बाकी कामं मी शिकेन, पण गाडी मला येते." आणि ते खरं होतं. डोंगरावरच्या आमच्या त्या बोळकांडीसारख्या रस्त्यांवर तिच्याइतक्या सफाईने गाडी मागे घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. लायसन्स परत मिळेपर्यंत ती लोकांच्या मळ्यांत रासबेरी तोडत राहिली.

लायसन्स मिळालं आणि नेमका ऐन जून महिन्यात आमचा ड्रायव्हर ऑस्ट्रियाला पळाला. माझा नवरा रादोमान याचं कोल्ड स्टोरेज आहे. गावोगावची रासबेरी गोळा करून आणायची आणि गोठवायची, हा आमचा धंदा. रासबेरीला दम नसतो. सकाळी तोडलेली संध्याकाळपर्यंत थंडीत गेली नाही, तर तिचं सरबत होतं. रादोमानने स्वतः गाडी काढली असती, पण पेटी उचलताना त्याची कंबर धरली होती. तो पलंगावर पालथा पडला होता आणि मी त्याच्या कमरेला राकिया चोळत होते. तेव्हाच मी विदोसावाचं नाव काढलं.

"तिला?" तो उशीतूनच ओरडला. "अगं, दर घरी पेला पुढे येतो. प्याली तर गाडी नदीत. नाही प्याली तर लोक म्हणणार, आमचा पेला हिला चालत नाही, आणि रासबेरी जाणार पुलापलीकडच्या त्या चोर व्यापाऱ्याकडे."

"आपला आधीचा ड्रायव्हर काय करायचा?"

"प्यायचा."

"आणि चालवायचा?"

"तो पकडला गेला नव्हता!"

मी जरा जोरात चोळलं. तो कळवळला आणि कबूल झाला. पण अट घातली. एक दिवस बघायचं. संध्याकाळपर्यंत एकही घर आमच्यापासून तुटलं, तर विदोसावाने पुन्हा तोंड दाखवायचं नाही. वजन करायला मी सोबत जायचं.

"आणि त्या रस्त्यावर तिहोमिरचं घरही आहे, हे तिला सांग," तो म्हणाला.

मी सांगितलं. विदोसावा म्हणाली, "माहीत आहे." तिहोमिर अपघातानंतर तिच्याशी एक शब्दही बोललेला नव्हता. ती हॉस्पिटलात सफरचंदं घेऊन गेली, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि सफरचंदं नर्सच्या हाती परत पाठवली होती. आणि आमच्याकडे येणाऱ्या रासबेरीत सगळ्यांत मोठा वाटा त्याचाच.

पहिलं घर व्लादेताचं. पेट्या चढल्या, वजन झालं आणि व्लादेता बाटली घेऊन आलाच. विदोसावाने पेला घेतला आणि विचारलं, "व्लादेताकाका, तुमच्या वडिलांचं नाव काय हो?"

"वुकाशिन. का गं?"

तिने पेला कलता केला आणि सगळीच्या सगळी राकिया जमिनीवर ओतली. "वुकाशिनआजोबांच्या आत्म्याला शांती मिळो."

स्मशानात आम्ही पिण्याआधी मेलेल्या माणसाच्या नावाने चार थेंब मातीत सांडतो. अख्खा पेला कोणी ओतत नाही, पण ओतू नये असंही कुठे म्हटलेलं नाही. व्लादेताने छातीवर क्रूसाची खूण केली. आता बापाच्या नावाने दिलेल्या राकियाचा राग कसा धरायचा? उलट तो तिथेच पेटीवर बसला आणि म्हातारा कसा बैलाशीही शिव्या न देता बोलायचा, हे सांगायला लागला. आम्हांला निघणं मुश्कील झालं.

"हे तुला सुचलं कधी?" मी गाडीत विचारलं.

"रासबेरी तोडताना. वहिनी, तिथे डोक्याला काही कामच नसतं."

पुढचं घर पेत्रियाचं. ही म्हातारी म्हणजे तिखट मिरची. विदोसावाने नवऱ्याचं नाव घेताच तिने पेल्यावर हात ठेवला. "त्याला नको! तो जन्मभर प्याला, मला एक थेंब ठेवला नाही. आता तिकडेही त्यालाच पाजतेस?"

"बरं मावशी, मग सासूला?"

"सासूला? तिला तर पाणीसुद्धा नको!"

"मग कोणाला ओतू? मावशी, माझा हात दुखला."

पेत्रियाने पेल्यावरचा हात काढला. मग हळूच म्हणाली, "माझ्या आईला दे. स्मिल्याना तिचं नाव. तिला कधी कोणी विचारलंच नाही गं." आणि डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावून तिने स्वतःच दुसरा पेला भरला आणि तोही आईच्या नावाने ओतला.

असं प्रत्येक अंगणात झालं. एकही घर तुटलं नाही. माझा जीव भांड्यात पडत होता, पण पूर्ण पडेना, कारण शेवटचं घर तिहोमिरचं होतं. आमच्या डोंगरात गाडीच्या आधी फोन पोचतो. आम्ही वळण घेतलं तेव्हा तिहोमिर अंगणात बाकावर बसलेला होता. पाय पुढे पसरलेला, काठी शेजारी, आणि बाकावर काठोकाठ भरलेला पेला. पेट्या सावलीत रचलेल्या होत्या, पण एकीलाही त्याने हात लावू दिला नाही.

"आधी पेला," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

विदोसावाने पेला उचलला.

"थांब. माझ्या मेलेल्यांची नावं विचारू नकोस," तिहोमिर म्हणाला. "त्यांचं माझं मी बघीन. इथे जिवंत माणूस बसलाय. माझ्या तब्येतीसाठी घे."

मेलेल्यासाठी सांडतात. जिवंत माणसाच्या तब्येतीसाठी घेतलेला पेला सांडला, तर तो त्याला शाप. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्यावा तर काम गेलं, सांडावा तर ज्याचा पाय मोडला त्यालाच शाप, खाली ठेवावा तर घराचा अपमान. म्हाताऱ्याने बरोबर कोंडीत पकडली होती. मला इतका संताप आला की मीच पेला हिसकावून घेणार होते.

विदोसावा पुढे झाली आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. "तब्येतीसाठी ना, काका?" म्हणाली. "मग जिथे मी बिघडवली तिथेच लावते."

तिने त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली. गुडघा कसा गाठाळलेला होता, मला बघवेना. तिने राकिया तळहातावर घेतली आणि चोळायला लागली. तिहोमिरने काठी घट्ट धरली. मला वाटलं, हाणतो आता. पण त्याने डोळे मिटले. अंगणभर प्लमचा वास सुटला होता.

"चुकले मी, काका," ती खाली बघत म्हणाली. "त्या दिवशीच सांगायला आले होते."

"ठाऊक आहे," तिहोमिर म्हणाला. "जरा खाली चोळ. हां, तिथे. तिथेच मेला सारखा ठणकतो." मग घरातल्यांकडे तोंड करून गरजला, "अरे, पेट्या काय शोभेला ठेवल्यात? चढवा गाडीत!"

पेट्या चढल्या, वजन झालं. विदोसावाने त्याची पँट नीट खाली केली, रिकामा पेला बाकावर ठेवला आणि गाडीकडे निघाली.

"ए पोरी," मागून तिहोमिर म्हणाला. "उद्या आधी माझ्याकडे ये. सकाळी जास्त दुखतो."

विदोसावा थांबली. तिला ठरल्याप्रमाणे एकच दिवस मिळाला होता, आणि जे हातात नाही ते कबूल करणाऱ्यांतली ती नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"येईल," मी तिहोमिरला म्हटलं. "उद्यापासून रोज येईल."

रादोमानला विचारायचं अजून बाकी होतं. पण त्याची कंबर अजून माझ्याच हातात होती.