दफेदारांचं फडकं

दफेदार आधी घोड्याला रामराम करीत, मग माणसाला. तेही घोड्याला अहोजाहो करून. "काय म्हणताय, बरं हाय न्हवं?" असं विचारत ते त्याच्या मानेवर हात ठेवीत. टांगेवाला शेजारी हात जोडून ताटकळत उभा असला तरी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. नव्या टांगेवाल्यांना याचा राग येई. जुने म्हणत, "गप ऱ्हा गड्या, घोड्याचं पटलं तरच तुझं पटंल."

साठीच्या दशकातली गोष्ट आहे. सातारा आणि सांगली यांच्या मधलं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. स्टँडवर उतरलेला माणूस टांग्यानंच घरी जाई आणि टांग्याचा परवाना देई नगरपालिका. दरवर्षी पावसाळ्याआधी पालिकेच्या मागच्या पटांगणात सगळे टांगे रांगेत लागत. त्याला सगळे 'पासिंग' म्हणत. गाडी, घोडं आणि हाकणारा, तिन्ही पसंत पडली तर हाकणाऱ्याला पितळी बिल्ला मिळे. तो दंडावर असल्याशिवाय स्टँडवर उभं राहता येत नसे.

निकाल कागदोपत्री वाहन समितीचा. समिती म्हणजे तीन नगरसेवक. ते व्हरांड्यात खुर्च्या टाकून चहा पीत बसत. खरा निकाल दफेदारांचा. घोड्यांच्या पलटणीत हयात घालवलेला, मेढ्याच्या वरच्या अंगाचा हा माणूस; पालिकेनं त्यांना तपासनीस म्हणून ठेवलं होतं. सहीपुरतीच अक्षरं त्यांना येत. म्हणून परवाना खात्याचा कारकून, म्हणजे मी, रजिस्टर घेऊन त्यांच्या मागे मागे फिरे. घोडं तपासून झालं की ते म्हणत, "लिव्ह, कारकून." त्यांनी बोलायचं आणि मी लिहायचं. खाली दफेदारांची आणि माझी सही होई, त्याखाली समिती आपली सही ठोके.

एका वर्षी एका नगरसेवकाच्या मेव्हण्याचा घोडा आला. तुकतुकीत, आयाळ विंचरलेली. दफेदारांनी त्याचा पुढचा पाय उचलला, खुरावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं आणि खाली ठेवला. "लिव्ह. उजवा खूर आतनं सडलाय. तीन म्हैनं हिंडवायचं न्हाई." व्हरांड्यातून नगरसेवक ओरडले, की दफेदार, जरा नीट बघा. दफेदार म्हणाले, "सायेब, मी नीटच बघितलं, तुमी चहा घ्या." मी हसू दाबत लिहिलं. असला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. खोटं कशाला सांगू, मला त्यांचं वेड होतं.

घोड्याच्या डोळ्यांची पारख ते खांद्यावरच्या पांढऱ्या फडक्यानं करीत. आधी झापडं काढायला लावीत, मग एकेका बाजूला उभं राहून फडकं हलवीत. घोड्यानं ते टिपलं की डोळा ठीक. पहिल्या वर्षी मीही हौसेनं फडकं घेतलं आणि घोड्याच्या तोंडाशी नेऊन हलवलं. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "लांबनं. चांगलं हातभर लांबनं. जवळ आनलंस तर वारा लागून आंधळं घोडं बी मान काढतंय. मग तू म्हननार, दिसतंय. आन् मानसं मरनार." ती चापट मला आजही लागते.

किसनला बिल्ला मिळाला तोही त्यांच्यामुळंच. किसनच्या घरानं बाबासाहेबांच्या पाठोपाठ बौद्ध धर्म घेतला होता. त्यानं राणी नावाची घोडी घेतली, जुना टांगा घेऊन दुरुस्त केला आणि अर्ज दिला. समितीनं दोन वर्षं अर्ज लोंबकळत ठेवला. एकदा म्हणे स्टँडवर जागा नाही, एकदा म्हणे चांगल्या दोन माणसांचा जामीन आण. खरं कारण कुणी तोंडानं बोलत नव्हतं. समितीचे अध्यक्ष एवढंच म्हणाले, की याच्या टांग्यात बसणार कोण, हाही विचार करावा लागतो.

दफेदारांनी राणीला पायापासून कानापर्यंत तपासलं. किसनला टांगा मागं घ्यायला लावला, चढावर थांबवायला लावलं. मग व्हरांड्याखाली येऊन उभे राहिले. "घोडी चांगली, गाडी चांगली, हाकनारा सगळ्यांत चांगला. नियमात आनखी काय लिवलं असंल तर वाचून दाखवा." अध्यक्षांनी चहाची बशी तोंडाला लावली. "मग लिव्ह, कारकून. जामीन मी." किसनला सतरा नंबरचा बिल्ला मिळाला. त्याच्या टांग्यात पहिले दफेदार बसले आणि साऱ्या पेठेतून सावकाश फिरून आले. हळूहळू लोकही बसू लागले. गरज पडली की सगळे बसतात.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी मला कळलं, की दफेदारांना दिसेनासं झालंय.

आधी लक्षात आलं नाही. खूर ते वाजवून ओळखत, श्वास कान लावून ऐकत, साज हातानं चाचपत. त्यांचं निम्मं काम डोळ्यांशिवायच चाले. पण एक दिवस पालिकेच्या फाटकाची कडी ते हातानं शोधताना दिसले. मी विचारलं तेव्हा आधी उसळले, मग माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाले, "धुकं धरल्यागत हुतंय रं. पाऊस सरला की मिरजंला जाऊन दावतो. एवढं पासिंग हू दे. तवर बोलू नगंस कुनाला." मी बोललो नाही. त्या वेळी मला वाटलं, मी माया करतोय.

त्या पासिंगला किसन रांग सोडून आधीच पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. राणी डाव्या अंगाला बुजते, कडेच्या दगडाला अडखळते, तिचा डावा डोळा नीट बघा, असं त्यानं स्वतःच सांगितलं. दुसरा कुणी असता तर झाकून ठेवलं असतं. दफेदारांनी झापडं काढायला लावली, घोडीला रामराम केला, खांद्यावरचं फडकं ओढलं आणि डाव्या बाजूला उभे राहिले.

त्यांना घोडीची मान दिसावी म्हणून ते पुढे सरकले. आणखी पुढे. फडकं तिच्या गालापासून वीतभर अंतरावर हललं. राणीनं झटक्यात मान काढली.

"कायबी झालं न्हाई तुझ्या घोडीला," ते म्हणाले. "वय झालं म्हंजे बुजत्यात. लिव्ह, कारकून. डोळं ठीक."

मी वीतभर अंतर पाहिलं होतं. हातावरची चापट मला आठवली होती. पंचवीस टांगे रांगेत होते, समिती वर बसली होती, आणि मी तोंड उघडलं असतं तर दफेदारांचं सगळ्यांदेखत हसं झालं असतं. मी लिहिलं, 'दोन्ही डोळे ठीक.' किसनचा चेहरा खुलला. त्याचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा दफेदारांच्या हातावर जास्त विश्वास होता. आमचा सगळ्यांचाच होता.

महिन्याभरात व्हायचं ते झालं. भर दुपारी किसन एका बाईंना स्टँडवरून घेऊन चालला होता. माहेरचं लग्न उरकून परत येत होत्या बिचाऱ्या. उतारावर डाव्या गल्लीतून एक हातगाडी बाहेर आली. राणीला ती दिसलीच नाही. अंगाला लागली तेव्हा ती उधळली आणि टांगा ओढ्याच्या कठड्यावर जाऊन उलटला. बाई जागच्या जागी गेल्या. किसनचा पाय मोडला. राणीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

समिती बसली तेव्हा मी इतिवृत्त लिहायला होतो. किसन कुबडीवर उभा होता. त्याला दोनच प्रश्न विचारले, दारू पितोस का आणि चाबूक मारला होतास का. दोन्हींना तो नाही म्हणाला. अध्यक्ष म्हणाले, निष्काळजीपणा उघड आहे, परवाना कायमचा रद्द, आणि त्याला बाहेर घालवलं. तेवढ्यात दफेदार दार चाचपत आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"चूक माजी हाय," ते उभ्या उभ्या म्हणाले. "त्यानं मला सांगितलं हुतं. घोडीचा डावा डोळा गेलाय. मला दिसत न्हाई म्हनून मी फडकं जवळ नेलं. बिल्ला त्याचा काढू नका, माजी नोकरी काढा." मग माझ्या दिशेनं मान वळवली. "लिव्ह, कारकून."

मी टाक उचलला. अध्यक्षांनी माझ्या वहीवर आपला पंजा पालथा ठेवला. ते दफेदारांना गोड आवाजात म्हणाले, की तुमच्या मनाचा मोठेपणा आम्ही जाणतो, या तुम्ही आता. माझ्या कानाशी म्हणाले, की तपासनीस आंधळा होता असं कागदावर आलं तर बाईंच्या घरचे पालिकेला कोर्टात खेचतील, आणि तुझीही सही आहे त्या रजिस्टरवर. दफेदारांना तो पंजा दिसला नाही. ते माझ्या टाकाची कुरकुर ऐकू यावी म्हणून क्षणभर थांबले असावेत. मी कोऱ्या कागदावर कोरडा टाक ओढला. लाज वाटते सांगायला, पण ओढला. ते समाधानानं बाहेर गेले.

दफेदारांनी नोकरी सोडली. एका डोळ्यानं आंधळ्या घोडीला गिऱ्हाईक कुठलं. तिला ते आपल्या गावी घेऊन गेले. किसन स्टँडवर लंगडत हमाली करू लागला. त्याच स्टँडवर, जिथं तो बिल्ला लावून उभा राहायचा. समितीचे तिन्ही नगरसेवक पुढच्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले.

दोन वर्षांनी मी मेढ्याला कामाला गेलो होतो, तेव्हा धीर करून दफेदारांच्या घरी गेलो. त्यांना आता काहीच दिसत नव्हतं. आवाजावरून मला ओळखून त्यांनी हात धरून गोठ्यात नेलं. राणी डाव्या बाजूनं भिंतीला अंग लावून उभी होती. "ती उजव्या डोळ्यानं माज्याबी वाटचं बघती," ते म्हणाले. मग तिची मान खाजवत त्यांनी विचारलं, "समितीसमूर मी बोललो ते सगळं लिवलंस न्हवं?"

मी म्हणालो, "होय, दफेदार. शब्दन् शब्द."

"मग झालं," ते म्हणाले. "कवातरी शानी मानसं येतील, कागद वाचतील. पोराचा बिल्ला मिळंल त्याला. निरोप धाडतो किसनला."

आणि त्यांनी खरोखरच निरोप धाडला. त्या वर्षीच्या पासिंगला किसन पटांगणात आला. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. टांगा नव्हता, घोडं नव्हतं. माझ्या टेबलाशी येऊन तो म्हणाला, "दफेदारांनी सांगितलंय, माजी चूक नव्हती असं कागदात हाय. तेवढं पान काढून सायबास्नी दावा की. घोडं मी बघतो कुठनंतरी."

मी कचेरीतून इतिवृत्ताची वही आणून पान काढलं. त्याच्यासमोर उघडं धरलं. त्याला वाचता येत होतं, रात्रशाळेत शिकला होता. बोट ठेवत त्यानं वरपासून खालपर्यंत वाचलं, 'निष्काळजीपणा' या शब्दावर थांबला, मग पान उलटून मागची बाजूही पाहिली. मी सगळं सांगून टाकलं: वीतभर अंतर, अध्यक्षांचा पंजा, कोरडा टाक, मेढ्याला मारलेली थाप. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या.

त्यानं वही मिटून माझ्याकडं सरकवली. "दफेदारास्नी ह्यातलं काय कळू दिऊ नका," तो म्हणाला. "त्येंचा जीव त्यावरच तगलाय."

त्यानंतर दफेदार होते तोवर तो दरवर्षी पासिंगला आला. रांगेच्या शेवटी तासभर उभा राही, माझ्याशी एक शब्द बोलत नसे, आणि स्टँडवर परत जाई. तिकडे दफेदार विचारतील, तेव्हा 'गेलतो, फुडल्या साली बघू म्हनाले' हे सांगताना आपण निदान गेलो तरी होतो, एवढं खरं असावं म्हणून.

दफेदार एका थंडीत गेले. पुढच्या पासिंगला मी रजिस्टर मांडीवर घेऊन रांगेच्या टोकाकडे बघत राहिलो. किसन आला नाही.