अकोल्याचा अस्सल बोर्ड

जुने व्हिडिओ गेम जमवायचा नाद मला कसा लागला, हे आमच्या घरी विचारू नका. बायको ताटातलं गार होईस्तोवर बोलेल. पार्लरमध्ये उभ्यानं खेळायच्या त्या लाकडी पेट्या, पार्लरं बंद पडली तशा भंगारात गेल्या. हाती लागल्या तेवढ्या मी अमरावतीला आणून मागच्या खोलीत चालू केल्या. पण आतले बोर्ड, म्हणजे गेम ज्यात असतो त्या सर्किटच्या पाट्या, बहुतेक नकली. अस्सल बोर्ड सापडला तो अकोल्यात, जुन्या शहरातल्या एका काकांकडे. त्यांचं पार्लर कधीच मोडलं होतं. ही एकच पेटी त्यांनी समोरच्या खोलीत ठेवली होती आणि रोज दुपारी जेवण झालं की एक डाव खेळायचे.

हा गेम मला दुसरीकडे कुठंच चालू दिसला नव्हता. त्याची नक्कलही कोणी काढून ठेवलेली नव्हती, मी शोधायचं बाकी ठेवलं नाही. आणि त्यात एक गोम होती. बोर्डावर एक छोटा सेल असतो, त्याच्या जोरावरच गेम आत टिकून राहतो. सेल संपला किंवा नुसता निघाला तरी गेम कायमचा जातो. तो सेल आता म्हातारा झाला होता. बोर्ड अमरावतीला आणायचा, आधी दुसरा सेल जोडायचा आणि मगच जुना काढायचा, असं माझं ठरलं होतं. काका लई मुश्किलीनं तयार झाले. पोरं पुण्यात, आपल्यामागं पेटी भंगारवाला नेईल, हे त्यांनाही दिसत होतं. फोनवर मी बजावलं, की मी येईपर्यंत जिवापाड जपा.

मी गाडी घेऊन गेलो तेव्हा पेटी पुसून लख्ख, जुन्या साडीत बांधलेली. मला बरं वाटलं. चहा झाला आणि काकांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"सेल हाय. रस्त्यानं पाझरला असता त बोर्ड खराब झाला असता. म्या कालच काढून ठेवला."

आमच्याकडं रेडिओ असो, टॉर्च असो, वस्तू बांधून ठेवायची म्हटलं की आधी सेल काढतात. माझ्या आईनं जन्मभर तेच केलं. पण त्या वेळी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काहून हात लावला, एक फोन करता येत नव्हता का, असं मी त्या माणसाला त्याच्याच घरात ओरडून बोललो. मग सेलचं सगळं सांगितलं.

काकांनी साडी सोडली. सेल परत बसवला, वायर लावली. पडदा नुसता निळा झाला. त्यांनी दांडी हलवली, बटणं दाबली, बंद करून पुन्हा लावलं. निळाच. मला रडू आवरेना.

"आता नाई येनार का तो?" त्यांनी विचारलं.

नाही, म्हणालो.

ते स्टुलावर बसले. पडद्याकडं बघतच बोलले, "मी त रोज खेळतच होतो ना, भाऊ. तुमाले द्याचा होता म्हणून काढला."