झोळीपाशी घडलेला आवाज

टीव्हीतल्या स्नूकरच्या टेबलाचा हिरवा उजेड आमच्या पत्र्याच्या खोलीभर पसरायचा, आणि त्या उजेडात आईचा चेहरा, कोनाड्यातली तेलाची बाटली, झोळीत निजलेला माझा धाकटा भाऊ, सगळंच शेवाळल्यासारखं दिसायचं… मला हे नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. पण दिगूकाकाविषयी सांगावंसं वाटतं.

काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, स्नूकर खेळायचा. सोलापुरातून निघून देशभरच्या स्पर्धा जिंकून यायचा. त्याच्या शर्टाला क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावायच्या निळ्या खडूचा कोरडा वास असे. बाबांच्या शर्टाला सुताचा नि यंत्रमागाच्या तेलाचा. पुढे टेबलावर वाकून वाकून काकाची पाठ गेली, खेळ सुटला, आणि तो आमच्याकडे राहायला आला. बाबांनी कारखान्यात त्याच्यासाठी एक माग धरून ठेवला. तेवढ्यात एका वाहिनीनं त्याला मराठी समालोचनासाठी बोलावलं.

पहिल्याच सामन्यात घोळ झाला. मागांच्या खडखडाटात वाढलेली आम्ही माणसं, शेजारी बसलेल्याशीसुद्धा ओरडूनच बोलणारी. आणि स्नूकर तर श्वास रोखून बघायचा खेळ! वाहिनीच्या साहेबांनी सांगितलं, अंतिम सामन्यात जमलं तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघू.

"कुस्तीच्या फडात बसल्यागत बोललास की रं," बाबा म्हणाले. "सोड त्ये. माग हाय तुझा."

मग आईच म्हणाली, "भावजी, हितं झोळीपाशी बसून बोला. बाळ उठलं, तर तुमीच निजवायचं."

…शेंगा भाजल्याचा वास, आवाज बंद केलेला टीव्ही, त्यावर जुने सामने, आणि एका हातानं झोळीची दोरी ओढत चेंडूंचं वर्णन करणारा काका! लाल चेंडू टेबलाच्या खिशात पडला की काकाचा आवाज चढे, आणि बाळ रडत उठे.

"वहिनी, परत उटला वो!"

"मग परत निजवा. लई मोठे चॅम्पियन न्हवं तुमी!"

हळूहळू बाळाचं उठणं थांबलं.

अंतिम सामन्याच्या दिवशी मागांना सुट्टी होती. आमच्या दारात गल्ली जमली. टीव्हीतून काकाचा आवाज मऊ, सावकाश, कानाशी बोलल्यासारखा येत होता. शेवटी टेबलावर एकटा काळा चेंडू उरला – तो जो पाडेल तोच जिंकणार – आणि काका एकदम गप्प झाला.

"बोल की रं!" बाबा ओरडले.

काळा खिशाच्या कडेला रेंगाळला… आणि आत पडला. तो पडल्याचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला. मगच काका म्हणाला, "गेला."

संध्याकाळी फोन आला. "दादा, पुढची स्पर्धाबी मलाच दिली."

बाबा फोन घेऊन दारात आले. मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, "मग तुझा माग उद्या दुसऱ्याला देतो!"

काका पुन्हा आमच्याकडे राहायला आला नाही. सामने गावोगावचे, तो त्यांच्यामागे… कधी होस्टेलवर मोबाइलमधून त्याचा आवाज येतो. मी खोलीतल्या मुलींना सांगते, हा माझा काका.

"खरंच?" त्या विचारतात.

"व्हय," मी म्हणते.