आदल्या दिवशी लिहिलेला कार्यक्रम

टाचणीला टाचणी हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, आणि त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा एखादा अर्ज भरायची वेळ आली तरच आठवतं. माणूस अंगाने बारीक, डोकं गोल आणि चकचकीत, आणि बोलणं टोचरं. एवढं सगळं जुळून आल्यावर दुसरं नाव ठेवायला जागाच उरली नाही.

टाचणी मेहुण्याच्या साप्ताहिकात शेवटचं पान लिहायचा. पहिल्या पानावर रस्ते, पाणी, अध्यक्षांचे फोटो. ते मेहुण्याचं खातं. शेवटच्या पानावर टाचणीचं ‘जाता जाता’. बँकेच्या खुर्चीत मांजर झोपलेलं असतं म्हणून मॅनेजर स्टुलावर बसून सह्या करतात. चौकातला सिग्नल एकोणीस दिवस हिरवाच आहे, तरी लोक सवयीने थांबतात. एका गृहस्थांची चोरीला गेलेली सायकल त्यांच्याच जिन्याखाली सापडली आणि तक्रार मागे घ्यायला ते पोलिसांकडे चालत गेले. असल्या बातम्या टाचणी अशा काही लिहायचा की गाव पेपर मागून वाचायला लागलं होतं.

“भाऊजी, पेपरला आता पाठ कुठली आणि पोट कुठलं तेच कळेनासं झालंय,” मेहुणा कुरकुरायचा. पण कुरकुरतानाही खूश असायचा, कारण पेपर खपत होता.

एकच अडचण होती. पेपर गुरुवारी दुपारी छापून व्हायचा आणि शुक्रवारी सकाळी घरोघर जायचा. आणि संध्याकाळच्या कॉलेजचा मदतनिधीचा कार्यक्रम नेमका गुरुवारी संध्याकाळी असायचा. हे कॉलेज म्हणजे दिवसभर कामावर जाणाऱ्या माणसांसाठी. कोणी नळजोडणी शिकतंय, कोणी कॉम्प्युटर, कोणी पन्नाशीत अक्षरं गिरवतंय. वर्षातून एकदा गावकरी वस्तू देणार, त्यांचा लिलाव होणार, आलेल्या पैशांतून कॉलेजची गळकी छपरं दुरुस्त होणार.

पहिल्या वर्षी टाचणी कार्यक्रमाला गेला आणि वृत्तांत आठवडाभर शिळा होऊन छापला गेला. दुसऱ्या वर्षी त्याने तो बुधवारीच लिहून टाकला. त्यात फसवणूक आहे असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण कार्यक्रमच तसा होता. माईक चारदा शिट्टी मारणार. प्राचार्यबाई ‘दोनच शब्द’ म्हणून पाऊण तास बोलणार. न्हाव्याने दिलेली ‘वर्षभर मोफत कटिंग’ टक्कल पडलेले डॉक्टरच घेणार. हे दरवर्षी ठरल्यासारखं व्हायचं, मग लिहायला तिथे कशाला जायचं? एका वर्षी मध्येच दिवे गेले आणि लोक अर्धा तास अंधारात बसले, ते काही टाचणीच्या वृत्तांतात आलं नाही. पण कोणाची तक्रारही आली नाही. लोकांना वाटलं, टाचणीने झाकून घेतलं.

यंदा कॉलेजला पंचवीस वर्षं झाली. टाचणीने बुधवारी लिहिलं, गुरुवारी छापलं, आणि संध्याकाळी सहज, पंचविशीच्या केकच्या मोहाने, तो कार्यक्रमाला गेला. दारातच त्याचे पाय जमिनीला खिळले. सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीवर ताज्या अंकाची एकेक घडी ठेवलेली होती.

“सरप्राइज!” मेहुणा लांबून ओरडला. “कॉलेजला आपली भेट! काय भाऊजी, कशी आहे आयडिया?”

“अरे, तू शेवटचं पान वाचलंस का?”

“मी कधी वाचलंय?” मेहुणा अभिमानाने म्हणाला.

टाचणी खुर्च्यांच्या रांगांतून धावत सुटला. अंक गोळा करायला लागला. पण फुकट वाटलेली गोष्ट परत मागणारा माणूस दिसला की लोक ती जास्तच घट्ट धरतात. एका बाईंनी तर अंक पर्समध्ये घालून चेन लावली. सात अंक हाती लागले, तेवढ्यात पुढच्या रांगेतून हाक आली.

“साहेब, इकडे बसा ना, माझ्या शेजारी.”

शिवणबाई होत्या. गावातले निम्मे परकर आणि सगळे गणवेश यांच्या मशीनखालून गेलेले. उरलेल्या तुकड्यांची एक गोधडी त्या दरवर्षी लिलावाला द्यायच्या. तिच्यावर कोणी बोली लावायचं नाही. मग कॉलेजची शोभा व्हायला नको म्हणून त्या स्वतःच हात वर करायच्या आणि स्वतःचीच गोधडी विकत घेऊन घरी न्यायच्या. टाचणीला यात अकरा वर्षं नुसती गंमत दिसली होती.

“यंदा तुमचं लिखाण मी स्वतः वाचणार,” त्या म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर अंक पसरलेला होता. “दोन वर्षं झाली, इथंच अक्षरवर्गाला येते. आता जोडाक्षरंपण येतात. इतकी वर्षं शेजारीण वाचून दाखवायची.”

“काय वाचून दाखवायच्या त्या?” टाचणीने विचारलं.

“हेच की माझ्या गोधडीचं तुम्ही फार कौतुक केलंय. टाके किती बारीक, रंग कसे जुळवलेत. मला तर बाई लाज वाटायची, एवढं कशाला लिहायचं म्हणून.”

टाचणीने टाक्यांबद्दल अकरा वर्षांत एक अक्षर लिहिलं नव्हतं. यंदा त्याने लिहिलं होतं: ‘शिवणबाईंची गोधडी याही वर्षी माहेरपणाला कॉलेजात आली आणि एक रात्रसुद्धा कोणी ठेवून घेईना, म्हणून बिचारी शिवणबाईंच्याच काखेतून परत गेली.’ लिहिताना तो स्वतःशीच हसला होता, बायकोलाही वाचून दाखवलं होतं. बायको म्हणाली होती, “जरा जास्त होतंय का हो?” त्यावर तो म्हणाला होता, “तुला विनोद कळत नाही.”

“बाई, तो अंक द्या जरा. छपाईत चूक राहिलीय.”

“राहू दे हो. मला कुठे अजून चूक कळतीये,” म्हणत त्यांनी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

कार्यक्रम सुरू झाला. माईकने पहिली शिट्टी मारली आणि मागून कोणीतरी “एक!” म्हणालं. चौथ्या शिट्टीला सभागृहाने टाळ्या वाजवल्या. प्राचार्यबाई “दोनच शब्द” म्हणाल्या तेव्हा तर असा हशा पिकला की त्यांना वाटलं, आज आपलं भाषण जमलंय, आणि त्यांनी पाऊण तासाचा सव्वा तास केला. मेहुणा टाचणीकडे बघून अंगठा दाखवत होता. टाचणी मात्र फक्त शेजारचं बोट बघत होता. बोट एकेका शब्दाखाली थांबत होतं, ओठ हलत होते. माईकच्या ओळीवर त्या हसल्या. कटिंगच्या ओळीवर पुन्हा हसल्या. मग बोट ‘माहेरपणाला’ या शब्दाखाली आलं. तिथून ते पुढे गेलं, परत मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. मग अंकाची घडी झाली. चार बोटांनी दाबून, कापडाला द्यावी तशी नीट घडी.



आणि गोधडी स्टेजवर आली. प्राचार्यबाईंनी ती उलगडली. यंदा तुकड्यांचे चौकोन केलेले होते आणि प्रत्येक चौकोनावर एकेक अक्षर टाक्यांनी काढलेलं, अपासून ज्ञपर्यंत. काही अक्षरं जराशी कललेली. अशी गोधडी दुसऱ्या कुठल्याही वर्षी आली असती, तर कोणी ना कोणी हात वर केलाच असता. पण लोकांच्या हातात अंक होते, आणि अंकात शेवट आधीच छापलेला होता. सगळं सभागृह हसू दाबून शिवणबाईंच्या हाताकडे बघत बसलं.

टाचणीने हात वर केला. “दोनशे!”

दाबलेलं हसू विरलं. शिवणबाईंनी मान न वळवता हात वर केला. “तीनशे.”

“चारशे,” टाचणी म्हणाला.

“पाचशे.”

“बाई, अहो घेऊ द्या ना मला,” तो हळूच म्हणाला. “सहाशे!”

“सातशे,” शिवणबाई म्हणाल्या, आणि मग तितक्याच हळू, “छापून आलंय ना साहेब, माझ्याच काखेतून जाणार म्हणून. सगळ्यांनी वाचलंय. आता पेपर खोटा पडायला नको.”

टाचणीने आठशेसाठी हात उचलला, आणि तो अर्ध्यातच राहिला. त्याच्या प्रत्येक बोलीने या बाईंच्या पदराला खार लागत होता. सातशे म्हणजे किती परकरांची शिलाई, ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या बायकोचे परकर त्याच मशीनवर शिवले जायचे. त्याने हात खाली घेतला. प्राचार्यबाईंनी तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा खास त्याच्याकडे बघून. तो बुटांकडे बघत राहिला.

सगळे उठून केककडे वळल्यावर शिवणबाई म्हणाल्या, “जरा दोन टोकं धरता का? एकटीला घडी जमत नाही.”

त्याने टोकं धरली. एक घडी झाली, दुसरी घडी झाली, आणि प्रत्येक घडीला त्याला त्यांच्या आणखी जवळ जावं लागलं.

“बाई, माझं चुकलं.”

“काय चुकलं? लिहिलंत तसंच झालं की.”

“आधीचंही सगळं तसंच लिहिलंय. शेजारीणबाईंनी सांगितलं तसं नाही.”

“आलं लक्षात.” त्यांनी घडीवरची सुरकुती हाताने साफ केली. “पण तिची कमाल आहे हो. अकरा वर्षं, पेपर डोळ्यांसमोर धरून, न अडखळता दुसरंच वाचायचं म्हणजे! टाक्यांचं काय, रंगांचं काय. मला तर दोन ओळींना इतका वेळ लागला.”

“कुठे राहतात त्या?” टाचणीने विचारलं. निदान त्यांना तरी जाऊन भेटावं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं होतं.

“शेजारी,” शिवणबाई म्हणाल्या.

त्या हसल्या नाहीत. गोधडी काखेत घेऊन दाराकडे निघाल्या. दार उघडून धरायला टाचणी धावला, पण ते आधीच कोणीतरी उघडून ठेवलेलं होतं.